काट्याचा मुजरा

एका बाजारगावाबाहेर उघडाबोडका माळ होता. माळावर एक धावपट्टी होती, तिच्या कडेला पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये विश्वंभर नावाच्या हळदीच्या व्यापाऱ्याचं छोटं विमान राहत होतं. गाव विश्वंभराला शेठ म्हणायचं. समोर आदरानं म्हणायचं आणि पाठीमागं हसून म्हणायचं.

हळदीच्या व्यापाऱ्याला विमान कशाला, असं कुणालाही वाटेल. हौस होती, एवढंच. कुणी शर्यतीची घोडी पाळतं, कुणी देवघर चांदीनं मढवतं. विश्वंभरानं केस पिकायला लागल्यावर विमान चालवायला शिकायचं मनावर घेतलं, परीक्षा दिल्या, परवाना मिळवला आणि एका इंजिनाचं जुनं विमान विकत घेतलं. लोकांना वाटलं, शेठ मोठा धीराचा माणूस. खरी गोष्ट उलटी होती. शेठ भित्रा होता.

भित्रा म्हटलं की आपण लगेच नाक मुरडतो. पण ही भीती कुठून आली ते आधी ऐका. विश्वंभराच्या घरी पिढ्यान् पिढ्या हळद पेवात साठवायचे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी. तोंड अरुंद, पोट मोठं आणि आत मिट्ट काळोख. बंद पेवात हवा कोंदते. उघडल्या उघडल्या माणूस आत उतरला तर गुदमरून मरतो. म्हणून त्या घरात एक रीत होती. पेव उघडलं की आधी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरणार. कंदील विझला तर कुणीही उतरायचं नाही, मग बाजारात हळदीला कितीही भाव चढलेला असो.

लहानपणी एकदा विश्वंभर वडिलांच्या शेजारी पेवाच्या तोंडाशी ओणवा होऊन बघत होता. कंदील खाली खाली गेला, लहान झाला आणि कुणी फुंकर मारावी तसा विझला. वारा नव्हता, आवाज नव्हता. वडिलांनी दोरी वर ओढली आणि पेवाचं तोंड उघडं टाकून सगळ्यांना घरी नेलं. तो काळोख विश्वंभराच्या पोटात जाऊन बसला तो कायमचा.

पण त्या भीतीनं त्याचं भलंच केलं होतं. विमानात बसला की समोरच्या तबकड्या त्याला पेवातल्या कंदिलासारख्या वाटत. इंधन किती, तेल किती तापलं, तेलाचा दाब किती, वेग किती, हे सांगणारा एकेक काटा तो डोळ्यांत तेल घालून बघायचा. एखादा काटा जरा जरी वेडावाकडा वाटला तरी उड्डाण रद्द करून घरी जेवायला जायचा. लोक हसायचे. तो हसू द्यायचा.

त्या वर्षी गावातल्या व्यापारी मंडळाचा मोठा उत्सव ठरला. विश्वंभरानं विमानातून बाजारपेठेवर घिरट्या घालायच्या आणि झेंडूची फुलं टाकायची, असं मंडळानं ठरवून टाकलं. मग विमान जुनाट दिसून कसं चालेल? लांबच्या शहरातून रंगारी आला. त्यानं विमानाचा प्रत्येक सुटा भाग काढला, हळदीसारखा पिवळा रंग थरावर थर चढवला, वर चकाकी दिली आणि सगळं परत बसवलं. विमान असं झळकायला लागलं की शेडचं दार उघडलं की लोक आपोआप थांबून बघत. विश्वंभर रोज संध्याकाळी मऊ फडक्यानं ते पुसायचा. बायको इंदुमती म्हणायची, "माझ्या अंगावरच्या शालूला कधी असा हात लावला नाहीत."

रंग वाळल्यावर विश्वंभर पहिल्यांदा उडाला. उंचावर गेल्यावर खाली रेडिओवर बसलेल्या माणसाला खबर द्यायला त्यानं बोलायचं बटण दाबलं. त्याच क्षणी तेलाच्या तापमानाचा काटा उसळला आणि थेट लाल पट्ट्यात जाऊन उभा राहिला.

विश्वंभराच्या काळजात धस्स झालं. लाल पट्टा म्हणजे तेल उकळतंय. तेल गेलं की इंजिन गेलं, आणि इंजिन एकच. त्यानं बटण सोडलं. काटा खाली आला. पुन्हा दाबलं. काटा पुन्हा लाल पट्ट्यात. त्यानं तिथूनच विमान वळवलं आणि उतरून शेडपाशी आणलं.

शेडच्या सावलीला गूळवाले जिनगोंडाशेठ आणि आणखी दोघे-तिघे व्यापारी चहा पीत बसले होते. विश्वंभरानं घडलं ते सांगितलं. सांगताना त्याचा आवाज कापत होता. जिनगोंडाशेठनं कपातला चहा बशीत ओतला, भुरका मारला आणि ते म्हणाले, "आवं, त्यात घाबरायचं काय? शेठ बोलायला लागलं की काटाबी उठून उभा राहतोय. मुजरा करतोय मुजरा!"

सगळे खो खो हसले. विश्वंभराला वाटलं, आपण न हसलो तर घाबरट ठरू. म्हणून तोही हसला. भीती होती तिथंच होती, पण तिच्यावर हसण्याचं झाकण बसलं. दुसऱ्या दिवसापर्यंत ही गंमत पेठेत सगळीकडे झाली. दुकानात शिरता शिरता लोक विचारायला लागले, "काय शेठ, आज मुजरा झाला का?" विश्वंभराच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

विमानाची देखभाल करायला नफिसा मुजावर नावाच्या इंजिनीअर येत. विमानाची कागदपत्रं त्यांच्या सहीनं चालत. त्यांनाही विश्वंभरानं ती गंमत सांगितली. नफिसाबाई हसल्या नाहीत. त्या सरळ विमानात जाऊन बसल्या.

"इंजिन सुरू करू नका," त्या म्हणाल्या. "नुसता रेडिओ लावा आणि बोला."

"काय बोलू?"

"हळदीचा भाव सांगा."

विश्वंभरानं बटण दाबून हळदीचा भाव सांगितला. काटा लाल पट्ट्यात गेला.

"इंजिन सकाळपासून थंड आहे," नफिसाबाई म्हणाल्या. "मग तेल कसं तापलं? म्हणजे तेल ठीक आहे. रेडिओ काट्याला ढकलतोय."

विश्वंभराच्या छातीवरचं ओझं उतरलं. "म्हणजे काटाच खोटं बोलतोय! मग प्रश्नच मिटला."

"प्रश्न आत्ता सुरू झाला," नफिसाबाई म्हणाल्या. "काटा खोटं का बोलतोय ते कळेपर्यंत तुमची भीती जाऊ देऊ नका."

मग त्यांनी शोध सुरू केला. आधी त्यांना रेडिओचा संशय आला. त्यांनी दुसरा चांगला रेडिओ आणून लावला. काटा उसळलाच. मग तबकडीच्या मागची तार सैल असेल असं वाटलं. ती काढली, टोकं घासली, घट्ट बसवली. काटा उसळलाच. "माझा अंदाज चुकला," त्या मोकळेपणानं म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. मग त्यांनी विमानाच्या पाठीवरच्या अँटेनाला जाणारी केबल सोडवली आणि तिच्या टोकाला एक लहानशी डबी जोडली. रेडिओ जे काही बाहेर फेकेल ते ही डबी गिळून टाकते, बाहेर जाऊ देत नाही. "बोला," त्या म्हणाल्या. विश्वंभर बोलला. काटा जागचा हलला नाही.

नफिसाबाईंनी शिडी लावली, पाठीवर चढल्या आणि अँटेनाचे स्क्रू काढले. अँटेना उचलली तर तिच्या बुडाखाली तोच जाड, गुळगुळीत पिवळा रंग.

"हे बघा," त्यांनी विश्वंभराला वर बोलावलं. "अँटेनाचं बूड विमानाच्या उघड्या पत्र्याला टेकलं पाहिजे. तुमच्या रंगाऱ्यानं मध्ये रंग भरलाय. आता रेडिओची सगळी ताकद बाहेर जात नाही. थोडी मागं फिरते, केबलवरून आत येते, शेजारच्या तारेत शिरते आणि काट्याला धक्का मारते. आणखी एक. तुमचा आवाजही धड बाहेर जात नाही. जवळ ऐकू येईल, लांबून तुटेल."

"मग उपाय?"

"तळहाताएवढा रंग खरवडायचा. पत्रा उघडा करायचा. बस."

विश्वंभरानं त्या झळकणाऱ्या पाठीवरून हात फिरवला. खरवडताना कडेचा रंग उडणार, पापुद्रा निघणार, ओरखडे दिसणार. उत्सव तोंडावर आला होता. रंगारी लांबच्या शहरात होता. "उत्सव होऊ दे," तो म्हणाला. "मग काय खरवडायचं ते खरवडा."

नफिसाबाई शिडीवरून उतरल्या. हात पुसत त्यांनी विचारलं, "शेठ, पेवात सोडायचा कंदील उगाचच विझायला लागला, तर तुम्ही काय कराल?"

"दुसरा आणीन."

"आणि तोवर त्याच कंदिलाच्या भरवशावर माणूस उतरवाल?"

विश्वंभराच्या पोटातली जुनी भीती जागी झाली, तिनं आतून दोनदा ढुशी दिली. पण त्याच्या डोळ्यांसमोर बाजारपेठ होती, गच्च्यांवरची माणसं होती आणि त्यांच्या डोक्यावरून जाणारं पिवळं विमान होतं. "बघू की," तो म्हणाला.

"हे काम होईपर्यंत विमान उडण्याजोगं आहे असं मी म्हणणार नाही," नफिसाबाई म्हणाल्या आणि आपल्या गावी गेल्या. त्यांची पाठ वळल्यावर विश्वंभरानं स्वतः शिडी लावली, केबल पुन्हा जोडली आणि अँटेना होती तशी, रंगावरच, घट्ट आवळून टाकली.

उत्सवापर्यंत तो थोडा थोडा सराव करत राहिला. पहिले काही दिवस काटा उसळला की तो दचकायचा. मग त्यानं एक युक्ती केली. बोलताना तबकड्यांच्या त्या कोपऱ्याकडे बघायचंच नाही. पुढं पुढं बोलत नसतानाही त्याची नजर त्या कोपऱ्याला वळसा घालून जाऊ लागली. भीती कमी झाली. विश्वंभराला वाटलं, आपण शूर झालो. जो माणूस एकेक काटा डोळ्यांत तेल घालून बघायचा, त्याला आता अर्ध्या तबकड्या दिसेनाशा झाल्या होत्या, आणि हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

उत्सवाचा दिवस उजाडला. मंडळाच्या मंडळींनी आग्रह धरला की शेठनं जोडीनं उडावं. इंदुमतीनं आजवर विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. तिला जिन्यावरून खाली बघितलं तरी गरगरायचं. "मला नको हो," ती म्हणाली. "अगं, मी आहे ना," विश्वंभर म्हणाला. नवऱ्याच्या शब्दावर ती जीव मुठीत धरून त्याच्या शेजारी बसली. फुलांची टोपली मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी ती घट्ट धरली.

विमानानं जमीन सोडली. इंदुमतीनं एकदा खिडकीतून खाली बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. पण डोळे मिटले की जास्तच भीती वाटे. मग नजर टेकवायला तिनं समोरची एक तबकडी धरली. जवळची, तिच्या पुढ्यातली. ती नेमकी तेलाच्या तापमानाची निघाली.

विश्वंभरानं रेडिओवर खबर दिली. काटा उसळला. इंदुमती दचकली. "अहो, हे काय झालं?"

"काही नाही गं. मी बोललो की तो मला मुजरा करतो."

"असं असतं का?"

"असंच असतं," विश्वंभर म्हणाला. किती सहज म्हणाला तो! आपण काय बोलून बसलो याची जाणीवही त्याला झाली नाही. ती बिचारी हसली आणि काट्याकडे बघत राहिली. नवरा बोलला की काटा उठायचा, गप्प झाला की बसायचा. त्या काट्याच्या उठण्या-बसण्यात तिला थोडा धीर मिळाला.

बाजारपेठेवर पहिली घिरटी झाली. गच्च्यांवर माणसांची दाटी होती. टोप्या उडत होत्या, लुगडी-उपरणी हलत होती. विश्वंभरानं बाजूची छोटी खिडकी उघडली, फुलं टाकली. त्याचा ऊर भरून आला होता. दुसऱ्या घिरटीला तो नदीवरून वळला. पुन्हा पेठ दिसू लागली. तो हात हलवत होता.

"अहो," इंदुमती म्हणाली.

"काय गं?"

"तुम्ही आत्ता बोलत नाही आहात."

विश्वंभराला आधी कळलंच नाही. मग त्यानं तिच्या नजरेच्या दिशेनं बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यानं त्या कोपऱ्याकडे धड बघितलं. काटा लाल पट्ट्यात होता. आणि बटणावर बोट नव्हतं.

बटण अडकलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. बटण चाचपलं. मोकळं होतं. त्यानं काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. त्यानं रेडिओच बंद केला. काटा तिथंच. मग शेजारच्या तबकडीकडे त्याची नजर गेली. तेलाचा दाब. तो काटा पार तळाला जाऊन पडला होता.

"कधीपासून आहे हे असं?" त्यानं विचारलं.

"मघापासून," इंदुमती म्हणाली. "मला वाटलं, असंच असतं."

समोरच्या काचेवर तेलाचा एक तपकिरी ओघळ आला. पाठोपाठ दुसरा. जळक्या तेलाचा वास आत शिरला. विश्वंभराला पेवाचं तोंड दिसलं. कंदील विझला होता, मघाशीच विझला होता, आणि तो हसत हसत खाली उतरत आला होता. एकटाही नाही, बायकोला बरोबर घेऊन.

"मुजराच आहे ना हो?" इंदुमतीनं विचारलं.

अजूनही खोटं बोलता आलं असतं. ती मानूनही गेली असती. विश्वंभरानं तिच्याकडे बघितलं. टोपलीवरची तिची बोटं पांढरी पडली होती. "नाही," तो म्हणाला. "इंजिनाचं तेल चाललंय. मला नफिसाबाई म्हणाल्या होत्या, उडू नका. मी तुला खोटं सांगितलं, इंदू."

तिनं टोपली पायाशी ठेवली आणि त्याच्या बाहीला घट्ट धरलं.

खाली बाजार होता. कौलं, गच्च्या, माणसं. तिथं उतरायला बोटभर जागा नव्हती. धावपट्टी माळावर, पेठेच्या पलीकडे. विश्वंभरानं रेडिओ पुन्हा लावला. "इंजिनात बिघाड आहे. सरळ उतरतोय. पट्टी मोकळी करा." बोलत असताना दाबाचा काटाही नाचू लागला, तापमानाचा काटा तबकडीच्या टोकाला जाऊन थडकला. खरं काय, खोटं काय, काहीच कळेना.

रेडिओवरच्या माणसाचा आवाज आला, "शेठ, तुटतंय. परत सांगा."

"पट्टी मोकळी करा!"

"शेठ, काही कळत नाही. फुलं टाकली का? सगळे तुमची वाट बघतायत."

विश्वंभर ओरडला. घसा फुटेल इतका ओरडला. नफिसाबाईंनी सांगितलं होतं तसाच त्याचा आवाज त्या पिवळ्या रंगापाशी अडत होता, मागं फिरत होता आणि काट्यांना धक्के मारत होता. खाली कुणालाच काही कळलं नाही. माळ दिसायला लागला. धावपट्टीवर माणसंच माणसं होती. ढोल होते, बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या, आणि सगळ्यांच्या पुढं जिनगोंडाशेठ हातात हा भला मोठा हार घेऊन उभे होते. शेठ घिरट्या घालून आले की पट्टीवरच स्वागत करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

तेवढ्यात इंजिन जोरात खडखडलं, एक हिसका बसला आणि समोरचा पंखा थांबला.

त्यानंतरची शांतता विश्वंभर जन्मात विसरणार नव्हता. नुसता वारा. खालचे ढोल ऐकू यायला लागले. लोक वर बघून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटत होतं, शेठ काहीतरी करामत करून दाखवतायत.

पट्टीवर उतरावं तर दोघं कदाचित वाचतील, पण ती सगळी माणसं पंखांखाली आणि चाकांखाली जातील. माळावर उतरावं तर दगड, खड्डे, बोरीची झुडपं. उड्डाणं रद्द करतो म्हणून लोक ज्याला हसायचे त्या माणसानं क्षणभरही विचार केला नाही. त्यानं विमान पट्टीवरून बाजूला वळवलं. "डोकं खाली घे, इंदू. दोन्ही हातांनी धर," तो म्हणाला. त्याचे हात शिकवल्याप्रमाणे चालत होते. वेग पडू द्यायचा नाही. नाक उचलायचं ते अगदी शेवटी.

चाकं दगडावर आदळली. एक चाक उखडून गेलं. विमान पोटावर बसलं आणि माळावरून घासत, किंचाळत, दगडांवरून उसळत फरफटत गेलं. इंदुमती ओरडली की पत्रा ओरडला, हे विश्वंभराला कळलं नाही. मग एका बोरीच्या जाळीत पंख अडकून ते कलंडलं आणि थांबलं.

धूळ खाली बसली. इंदुमतीच्या कपाळावर खोक पडली होती. विश्वंभराचा खांदा निखळला होता. दोघं जिवंत होती. विश्वंभरानं दार ढकललं, बायकोला बाहेर काढलं, विमानापासून लांब नेलं आणि मग खाली बसून तो लहान पोरासारखा रडला.

लोक धावत आले. जिनगोंडाशेठच्या हातातला हार तसाच होता. सगळे विमानाकडे बघत होते. नाकापासून शेपटीपर्यंत पोटाचा सगळा रंग खरवडून गेला होता. आत पांढराफेक पत्रा दिसत होता. माळावर लांबवर पिवळ्या पापुद्र्यांची ओळ पडली होती, हळदीचं पोतं फुटावं तशी. तळहाताएवढा रंग द्यायला ज्याचा जीव होत नव्हता, त्याचं सगळं विमान सोलून निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी नफिसाबाई आल्या. इंजिनावरचं झाकण काढून त्यांनी आतली एक तडकलेली रबरी नळी दाखवली. "जुनी होऊन फुटली. हे कुणाच्याही विमानाला होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "काट्यानं वेळेवर सांगितलं होतं."

"हो," विश्वंभर म्हणाला. "आम्हीच त्याला मुजरेकरी करून ठेवला होता."

विमान दुरुस्त व्हायला पुष्कळ दिवस लागले. नवीन चाकं आली, नवीन नळ्या आल्या. रंग मात्र विश्वंभरानं पुन्हा दिला नाही. अँटेना बसवायची वेळ आली तेव्हा एका हातानं, दुखरा खांदा सांभाळत, तो शिडीवर चढला आणि त्यानं स्वतः पाठीवरचा तेवढा रंग खरवडून काढला. मग तो आत बसला. इंदुमती शेडच्या दारात उभी होती. ती आत बसायला आली नव्हती, आणि विश्वंभरानं तिला म्हटलंही नव्हतं.

त्यानं बटण दाबलं आणि हळदीचा भाव सांगितला. काटा जागचा हलला नाही. विश्वंभर त्याच्याकडे बघत राहिला. पोटातली जुनी भीती परत आली होती, लहानपणापासूनची. या वेळी त्यानं तिच्यावर कसलंही झाकण घातलं नाही.

जिनगोंडाशेठनं दारातून डोकावून, जरा चाचरतच विचारलं, "काय शेठ, आता मुजरा बंद?"

"बंद," विश्वंभर म्हणाला. "मला मुजरा नको. मला खबर पाहिजे."

तात्पर्य: धोका सांगायला ठेवलेला खोटी हाक देऊ लागला तर ते हसण्यावारी नेऊ नये आणि त्याच्याकडे पाठही फिरवू नये; खोटेपणाचं कारण शोधून त्याच दिवशी दूर करावं. नाहीतर खोट्या हाकेची सवय झालेल्या कानांना खरी हाकही ऐकू येत नाही.